वाटीभर पाणी आणि पोकळ खांब

वाटीकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चपला काढता काढताच त्यांनी पाणी मागितलं. बाहेर ऊन असं होतं की गाडीचं दार उघडायला रुमाल लागत होता. मी लगबगीने फ्रिजमधलं गार पाणी भांड्यात ओतून आणलं. त्यांनी भांड्याकडे पाहून मान हलवली. "भांडं नको. वाटी असली तर द्या. स्टीलची, पसरट. आणि पाणी साधंच चालेल." मी वाटी दिली. ती त्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध फरशीवर ठेवली, शेजारी मांडी घातली आणि पाण्याकडे बघत बसले. पाहुणा असं करू लागला तर यजमानीणबाईंनी काय बोलावं, हे आईने मला शिकवलेलं नव्हतं. माझा नवरा सुधीर बँकेतला माणूस, त्याला प्रत्येक पेचावर सेवा हाच उपाय सुचतो. त्याने एसी वाढवू का म्हणून विचारलं. "उलट जरा बंदच करा," काका म्हणाले.

एसी बंद झाला. आम्ही तिघं घामाघूम होऊन एका वाटीभोवती बसलो. थोड्या वेळाने पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठायला लागली. "वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे धुतंय," काका म्हणाले. "आता मशीन पिळायला लागलंय." माझी मुलगी सई आतून हे सगळं बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती म्हणाली, "आई, ही वॉजन्ट थर्स्टी. ही वॉज मेजरिंग." मग तिनेच त्यांचं नाव वाटीकाका ठेवलं. कागदोपत्री ते निकम, जमिनीचे इंजिनियर. इमारतीच्या पायाखाली काय आहे आणि ते किती हलतं, हे सांगणं हा त्यांचा धंदा. पण कुवेतमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात निकम म्हटलं तर चार जण वळून बघायचे, वाटीकाका म्हटलं की एकच.

मला एक शंका होती आणि मी पुण्याची असल्यामुळे ती पोटात राहणं शक्य नव्हतं. वाटी हातात धरून का बघत नाही, प्रत्येक वेळी खाली वाकायची काय गरज, असं मी विचारलं. ते म्हणाले, "हातात धरली तर हाताचं कळतं ओ ताई. मला जमिनीचं पाहिजे." तेव्हा ते मला जरा शहाणपणाचं वाटलं, एवढंच.

हे वेड त्यांनी घरूनच आणलेलं होतं. गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, पाटणच्या बाजूचं. तिथल्या लोकांना धरणीकंपाचं कौतुक नसतं, आपल्याकडे पाहुणे यावेत तसा तो अधूनमधून येऊन जातो. त्यांच्या आईने फळीवर पितळी डबे, त्यावर वाट्या, त्यावर झाकण्या अशी भांडी मुद्दाम एकावर एक रचलेली असायची. भांडी वाजली की काही न विचारता अंगणात पळायचं, असा घरचा कायदा. बाकीची भावंडं पळायची. हा मुलगा मात्र दारापर्यंत जाऊन मागे वळायचा, कोणतं भांडं आधी वाजलं ते बघायला. त्यासाठी आईचे धपाटे खाल्ले आणि पुढे त्याच प्रश्नावर पोट भरलं, असं ते सांगायचे.

कुवेतमध्ये ते एगैलाला तळमजल्यावर राहायचे. हायवेची गाज दिवसभर येते तिथे. काकू मुलाकडे पुण्यात होत्या. वरचा, उजेडाचा, शांत फ्लॅट मिळत असताना त्यांनी तळमजला घेतला, कारण वर राहिलं की इमारतीच्या गप्पा ऐकू येतात, जमिनीच्या येत नाहीत. मॉलमध्ये आम्ही खरेदीला जायचो, हे भिंतीला तळहात लावून उभे. त्यांच्या घराशेजारच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, फ्रिज सुरू झाला की मांडणीवरच्या बाटल्या किणकिणायच्या. बकालेवाला मल्याळी, वर्षानुवर्षं ते ऐकून बहिरा झालेला. काकांनी एक दिवस पुठ्ठ्याच्या घड्या घालून फ्रिजच्या एकाच पायाखाली सरकवल्या. बाटल्या गप्प झाल्या. "चारही पायांखाली का नाही?" बकालेवाल्याने हिंदीत विचारलं. मग काकांनी त्याला गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून ते समजावलं. "का ते सांगितल्याशिवाय काम सांगू नये" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यानंतर तो मल्याळी त्यांच्या हातात लबनची, म्हणजे ताकाची, बाटली कोंबल्याशिवाय त्यांना सोडत नसे.

आता माझं सांगते, कारण काकांची खरी ओळख मला माझ्या अडचणीतच झाली. राई नावाच्या भागात, गॅरेजं आणि गोदामांच्या गर्दीत, एक छोटी प्रयोगशाळा आहे. सोनारांचे, औषधवाल्यांचे तराजू बरोबर वजन दाखवतात की नाही, हे आम्ही तपासतो. ती मी चालवते. आमच्याकडचे काटे इतके नाजूक की समोर कुणी शिंकलं तरी शेवटचा आकडा बदलतो. मागच्या अंगणापलीकडे एक रिकामं गोदाम होतं. तिथे एक पत्र्याचा कारखाना आला आणि त्याने पत्रा ठोकणारा भला थोरला प्रेस बसवला. तो सुरू झाला त्या दिवसापासून माझे काटे वेड्यासारखे करू लागले. शेवटचा आकडा स्थिर होईचना. आणि आमच्या मान्यतेची फेरतपासणी तोंडावर आली होती.

मान्यता गेली तर प्रयोगशाळा बंद होणार होती. आमचे कुवेती मालक, अबू फहद, सज्जन माणूस, पण बंद दुकान कोण चालवतो? तीच गोष्ट माझ्या इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची. तो प्रयोगशाळेच्या नावावर. सुधीरच्या बँकेत तेव्हा माणसं कमी करण्याची कुजबुज चालू होती आणि सई दहावीत होती. एका प्रेसच्या ठोक्यावर आमचं सगळं घर लटकलं आहे, हे मला रोज सकाळी कामावर पोचल्यावर पायांना कळायचं. मी काकांना फोन केला.

ते आले ते थेट शेजारी गेले. "आधी आवाज करणाऱ्याला भेटावं, मग ऐकणाऱ्याला," हा त्यांचा शिरस्ता. कारखान्याचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, इजिप्तचा. मला वाटलं भांडण होणार. तासाभराने जाऊन बघते तर दोघं प्रेसशेजारी उकिडवे बसून वाटीत बघत होते आणि मुदीरसाहेबांच्या चेहऱ्यावर जत्रेला आलेल्या माणसाचा आनंद होता. त्याने प्रेसखाली जाड रबर घालायचं कबूल केलं आणि घातलंही. प्रेस उचलून दुसरीकडे नेणं मात्र त्याच्या हातात नव्हतं. रबराने फरक पडला, पण माझ्या काट्यांना पुरेल इतका नाही. काका म्हणाले, "मग आता मधल्या वाटेवर कुणाला तरी उभं करू या."

हे मधल्या वाटेवर उभं करणं म्हणजे काय, ते मला शुक्रवारी जेवताना समजलं. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला असत. त्यांनी भाताचं आळं केलं, त्यात आमटी ओतली आणि बोटाने आळ्याची कड दाखवली. "प्रेसचा ठोका जमिनीच्या पाठीवरून लाटेसारखा तुमच्याकडे येतो. मधे सलग खोल चर खणला तर लाट तिथेच अडेल, ह्या आमटीसारखी. पण अंगणात तुमच्या मालाच्या गाड्या फिरतात. उघडा चर ठेवला तर आठवड्यात कुणीतरी पडेल आणि वाळूही ढासळेल." मग त्यांनी आळं मोडून भाताचे छोटे मुटके केले आणि जवळजवळ रांगेत मांडले. "म्हणून चराऐवजी खांबांची रांग. जमिनीत पुरलेली. दोन मुटक्यांमधून आमटी निसटते ना, म्हणून मागे दुसरी रांग, फटीसमोर मुटका येईल अशी." आमटी दोन रांगांमधून वाट शोधत बरीचशी आतच राहिली. सई म्हणाली, "दिस इज ग्रोस." पण तिने स्वतःच्या ताटातही तेच करून पाहिलं, ते मी पाहिलं.

"आणि खांब पोकळ पाहिजेत," काका भात कालवत म्हणाले. इथे जमिनीखाली गच लागतो. गच म्हणजे सिमेंट घातल्यासारखी घट्ट बसलेली वाळू. त्यात काँक्रीटचा भरीव खांब घातला तर तो दगडात दगड. ठोक्याला फरकच कळत नाही, तो सरळ पुढे जातो. आत पोकळी असली की त्याला पाय टेकायला काही नसतं, तो मागे फिरतो, इकडेतिकडे पांगतो. माझं अर्धं आयुष्य भौतिकशास्त्रात गेलेलं, तरी ही गोष्ट इतकी समोर मांडलेली मी कधी पाहिली नव्हती. मी विचारलं, मग सगळंच असं अडवता येतं का? ते म्हणाले, "ते वफ्राला गेलो की सांगतो."

वफ्राला आम्ही थंडीत जायचो, शेतावरची ताजी मेथी आणि टोमॅटो आणायला. त्या खेपेला काकाही आले. बरोबर त्यांची डबी होती. ते जमिनीची थरथर मोजायच्या यंत्राला डबी म्हणत, आणि ते दिसायचंही चहाच्या डबीएवढंच. खजुराच्या झाडांपलीकडे, जिथे मला पूर्ण शांतता वाटत होती, तिथे त्यांनी डबी वाळूत रोवली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक रेघ सावकाश वर जायची, सावकाश खाली यायची. "कुठेतरी लांब काहीतरी मोठं, संथ हलतंय. तेलाचा पंप असेल, दुसरं काही असेल." वाटीत काहीच दिसत नव्हतं. "भरभर थरथरतं ते अडवता येतं," ते म्हणाले. "त्याची लाट आखूड असते. संथ हलतं त्याची लाट एवढी लांब की तिला खांब दिसतच नाहीत, ती आपली खालून निघून जाते. तिच्यासाठी खांब न्यायचे तर किती खोल न्याल? तुमच्या शेजाऱ्याचा प्रेस भरभर थरथरवतो, हे तुमचं नशीब." येताना गाडी सुधीरने चालवली. काकांनी हल्ली गाडी चालवणं सोडलं होतं, टॅक्सीनेच यायचे. वयाचं म्हणाले.

खांबांचं काम परबकडे आलं. परब कणकवलीकडचा, बांधकामाचा फोरमन, घरापासून लांब मुलांसाठी राबणाऱ्या अनेक कोकणी माणसांतला एक. हात सोन्याचे आणि तोंड फटकळ. अंगणात यंत्राने खोल भोकं पाडायची, त्यात बूड काँक्रीटने बंद केलेले पाईप सोडायचे, वर झाकण घालून पुन्हा अंगणाची फरसबंदी करायची, असं काम होतं. तीन मजली घर उलटं पुरावं इतके ते पाईप खोल गेले. त्याचे बांगलादेशी आणि मल्याळी गडी रात्रपाळीच्या माणसांसारखे मुकाट राबत होते. मी रोज खिडकीतून मोजायचे नाही असं ठरवून मोजायचे.

एका दुपारी काका काम बघायला आले. झाकणं अजून बसायची होती, पण पाईपांच्या तोंडावर पत्रे ठेवलेले होते. काकांनी खिशातून चमचा काढला आणि एकेका पत्र्याखाली पाईपच्या कडेवर वाजवत रांगेने निघाले. टण, टण, टण. मग आवाज बदलला. बद्द. पुढचाही बद्द. त्याच्या पुढचाही. मी बाहेर आले तोवर ते एका पाईपशेजारी बसून आत बघत होते. आत काँक्रीट भरलेलं होतं, तोंडापर्यंत, वर थापी मारून गुळगुळीत केलेलं.

परब अभिमानाने जवळ आला. "साहेबांनू, बुडाक घालूक आणलेला काँक्रीट उरला हुता. गाडी परत पाठवलंय असतंय तर फुकट गेला असता. म्हणान ह्या बाजूचे सगळे भरून टाकलंय." काका आत बघतच राहिले, म्हणून तो आणखी म्हणाला, "पोकळ काम माका बरा दिसाक नाय. आमच्यात पोकळ काम केला तर लोक नावां ठेवतत."

माझा तोल गेला. तपासणी जवळ, आणि ज्या पोकळीवर माझं सगळं अवलंबून, ती ह्या माणसाने प्रामाणिकपणाने बुजवून टाकली होती. कुठल्याही दुसऱ्या फोरमनने उरलेलं काँक्रीट कोपऱ्यात ओतून दिलं असतं आणि आम्ही वाचलो असतो. मी परबला नको ते बोलले. तो खाली बघत उभा राहिला. पण काकांच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नाही. ते डबीची तार सोडवत होते. "ताई, थांबा की जरा. मुदीरला सांगा प्रेस चालवायला. मोठा साचा लावून, जोरात."

दुपारभर ते भरीव खांबांच्या मागे आणि पोकळ खांबांच्या मागे आलटून पालटून डबी ठेवत राहिले. पोकळ खांबांच्या मागे रेघ मलूल पडायची. भरीवांच्या मागे ती उड्या मारायची. काकांचे डोळे चमकत होते. "इतकी वर्षं लोकांना सांगत आलो पोकळ ठेवा म्हणून. पण एकाच अंगणात, एकाच प्रेससमोर, दोन्ही शेजारी शेजारी मला कधी कुणी करून दिले नव्हते. परबने दिले." मला त्यांचा गळा दाबावासा वाटला, हे खरं आहे. आपलं घर बुडत असताना समोरचा माणूस पाण्याची खोली मोजण्यात रमलेला असला की दुसरं काय वाटणार?

अबू फहद आले, तेव्हा मात्र काका अगदी थोडक्यात बोलले. चूक परबची नाही, असं ते म्हणाले. पोकळ ठेव म्हणून आपण सांगितलं, पण का ते सांगायला आपण चुकलो. भरलेल्या भागासमोर आणखी एक रांग घातली तर वेळेत काम होईल, ते परबच करेल. अबू फहदनी परबकडे बघितलं, मग काकांकडे, आणि "खलास" म्हणून विषय मिटवला. त्यांच्या तोंडून खलास आलं की ते मंजूर असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं.

मग काकांनी परबला अंगणातच बसवून डब्यातला भात आणि आमटी घेऊन सगळं समजावलं. परबने शेवटी मान डोलावली. "म्हणजे आत काय नसणा, ह्याच त्याचा काम?" "हेच," काका म्हणाले. "तुमी आदी सांगलात नाय," परब पुटपुटला, पण त्याने त्या दिवसापासून पोकळ खांबांवर असा पहारा दिला की मुंगीची हिंमत नव्हती. प्रत्येक झाकणावर त्याने लाल रंगाने मराठीत लिहिलं, 'ह्यात काय भरू नये'. राईच्या त्या भागात ते वाचू शकणारी माणसं आम्ही तिघंच होतो.

ह्या सगळ्या दिवसांत मला एक गोष्ट खटकत होती. काकांना चहा आवडायचा, बशीत ओतून फुर्र करून प्यायचा. हल्ली ते अर्धाच कप मागायचे आणि बशी नको म्हणायचे. मला वाटलं, साखर निघाली असेल, सांगत नसतील. माणसं तब्येतीच्या गोष्टी परक्या देशात जास्तच लपवतात, कारण परदेशात आजारी पडलेला माणूस म्हणजे परत जाणारा माणूस.

तपासणीच्या सकाळी काका तपासनिसांच्या आधी येऊन पोचले. फरसबंदी परत बसली होती. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते अंगणात कुठेच दिसत नव्हतं. खरी परीक्षा व्हावी म्हणून काकांनी सांगितलं होतं, त्याप्रमाणे मुदीरने मोठा साचा लावून प्रेस सुरू केला होता आणि त्याचा ठोका कानाला स्पष्ट ऐकू येत होता. मी काट्यांच्या खोलीच्या दाराशी उभी होते. काका चहाच्या खोलीतून पाण्याने भरलेली वाटी घेऊन येत होते. मी वाटीकडे बघितलं. पाणी थरथरत होतं. काठापासून मधोमध, मधून काठाकडे, एकसारखं.

"काका, पाणी हलतंय," मी म्हणाले.

त्यांनीही पाण्याकडे बघितलं. मग एक गुडघा टेकून हळूच खाली बसले आणि वाटी फरशीवर ठेवली. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. वर्तुळं काठाला लागून परत आली, बारीक झाली, विरली. शेजारी प्रेस ठोकतच होता. पाण्यात छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आलं आणि ते सरळ, न मोडता तसंच राहिलं.

"जमीन गप्प आहे," काका म्हणाले.

"मग मघाशी?"

"मघाशी वाटी माझ्या हातात होती ताई."

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता. तो थरथरत होता, आणि दाबून धरल्यावरही थांबत नव्हता. मला आठवलं, अर्धा कप, बशी नको, टॅक्सी, पँटच्या खिशात सतत घातलेला तो हात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं म्हणे त्यांना, वफ्राला गेलो त्याच्याही आधी. मी काही बोलणार तेवढ्यात तपासनीस आले आणि मला आत जावं लागलं. दिवसभर शेवटचा आकडा खांबासारखा उभा राहिला. मान्यता राहिली, प्रयोगशाळा राहिली, आम्ही राहिलो. त्या दिवशी मला आनंद झाला, खूप झाला, आणि त्या आनंदातही मधेच माझी नजर दाराबाहेरच्या फरशीवर राहिलेल्या वाटीकडे जात होती.

काकांनी कुवेत सोडायचं ठरवलं ते फार रडतराऊ न होता. जायच्या आधी शेवटच्या शुक्रवारी जेवायला आले. परबलाही मी बोलावलं होतं, तो सोलकढी करून घेऊन आला. जेवण झाल्यावर काकांनी डबी काढली, रुमालाने स्वतःच्या मनगटाला बांधली आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर रेघ वरखाली होत होती, अगदी नियमित. "बघा की, किती सारखं आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तोच भरीव-पोकळवाला उत्साह होता. "आणि तुमच्या प्रेसपेक्षा कितीतरी संथ. चालायला लागलो की कमी होतं, बसलो की वाढतं. का ते डॉक्टरला धड सांगता येईना. त्याला म्हटलं, मी तुला माहिती पाठवत जाईन."

परब बराच वेळ रेघेकडे बघत होता. "ह्येका खांब नाय घालूक येनत?" त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

काका हसले. "संथ आहे ना परब. खालून जातं."

मी उठले, स्वयंपाकघरातून पसरट वाटी काढली, काठोकाठ भरली आणि त्यांच्या हातात न देता त्यांच्यासमोर फरशीवर ठेवली. ते वाकले. आम्हीही वाकलो, सईसुद्धा. पाणी हललं नाही. वरच्या मजल्यावर त्या दिवशी कुणी कपडेही धूत नव्हतं.

आता ते गावी असतात, काकूही तिकडेच आल्या आहेत. आमच्या अंगणातून मालाच्या गाड्या जातात, नवीन लोकांना खाली काय पुरलंय ते ठाऊकही नाही. परबने रंगवलेलं एक जादा झाकण मात्र मी माझ्या टेबलामागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे, आणि ते काय आहे असं कुणी विचारलं की कामं थांबवून 'का ते' सांगते. सकाळी काटे सुरू करायच्या आधी मी फरशीवर वाटी ठेवते. यंत्रं आहेत, गरज नाही, पण ठेवते.

दर शुक्रवारी काकांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाटी बघितलीत का?" मी सांगते, बघितली, गप्प आहे. मग ते कोयनेच्या भांड्यांची हालहवाल देतात, कुठला धक्का कुठल्या झाकणीला कळला वगैरे. मधेच काकू चहा आणून देतात. आता ते बशी नको म्हणत नाहीत. फोनवर मला कप बशीवर वाजताना ऐकू येतो, बारीक, एकसारखा, आणि तो थांबेपर्यंत मी बोलत राहते.